किल -९ ने मरत नाहीत हे झोम्बी! लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) चाइल्ड प्रोसेस आणि थ्रेडचा हिशोब ठेवतो तरी कसा?

झिरो_माईल

नमस्कार मंडळी. आयटी पार्कमधल्या एका छोट्या ऑफिसचा सर्व्हर आहे. उबंटू २२.०४, रॅम ८ जीबी. सिस्टमडीखाली (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा मॅनेजर) पायथनची एक सर्व्हिस चालते. प्रत्येक बिलासाठी ती एक कन्व्हर्टर चाइल्ड प्रोसेस (स्वतःतून काढलेली वेगळी प्रोसेस) म्हणून सुरू करते आणि पीडीएफ बनवते. काही दिवस नीट चालतं, मग 'ब्लॉकिंगआयओएरर, एर्नो ११, रिसोर्स टेंपररिली अनअवेलेबल' येतं आणि पुढची एकही प्रोसेस सुरू होत नाही.

रॅम अर्ध्याहून जास्त मोकळी आहे, सीपीयू शांत आहे. सिस्टमसीटीएल स्टेटस म्हणतो 'टास्क्स: ९,४१२, लिमिट: ९,४१२'. पण सर्व्हिसच्या सीग्रुपमधल्या (कर्नल एकत्र मोजतो तो प्रोसेसचा गट) सीग्रुप.प्रॉक्स फाइलीत फक्त ३१ ओळी आहेत. पीएस कमांडमध्ये मात्र ८,९१६ 'डिफंक्ट', म्हणजे झोम्बी, दिसतात. किल -९ (सक्तीने मारणारा सिगकिल सिग्नल) मारून पाहिलं, एकही हलत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली की सगळं साफ. कोडमध्ये प्रत्येक जॉबचा पोपेन ऑब्जेक्ट (चालवलेल्या चाइल्डचा पायथनमधला ऑब्जेक्ट) एका ग्लोबल डिक्शनरीत ठेवलेला आहे, स्टेटस दाखवायला. पूर्वी उन्हाळ्यात लाइट गेली की मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायची. आता यूपीएस मोठा आहे, म्हणून हे दिसायला लागलं असावं.

प्रश्न असा: ३१, ८,९१६ आणि ९,४१२ यांतला खरा आकडा कोणता? आणि हे मरत का नाहीत?

फुटाळा_काठ

तिन्ही आकडे खरे आहेत भाऊ, फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतोय. सीग्रुप.थ्रेड्स फाइलीतल्या ओळी मोजा (डब्ल्यूसी -एल). माझा अंदाज ४९६ च्या आसपास. त्यात ८,९१६ मिळवा, ९,४१२ येतात.

सीग्रुपचा पिड्स कंट्रोलर 'टास्क' मोजतो. प्रत्येक जिवंत थ्रेड (प्रोसेसच्या आत चालणारा कामाचा धागा) म्हणजे एक टास्क, आणि ज्याचा एक्झिट स्टेटस अजून कुणी उचलला नाही असा प्रत्येक झोम्बीही एक टास्क. याउलट सीग्रुप.प्रॉक्स फाइलीत झोम्बी दाखवतच नाहीत. मेलेली प्रोसेस मरताना ज्या सीग्रुपमध्ये होती त्याच्याच खात्यावर राहते, यादीत मात्र दिसत नाही. म्हणून पिड्स.करंट (टास्कचा सध्याचा आकडा) भरलेला आणि यादी रिकामी, असं चित्र दिसलं की आधी झोम्बी शोधायचे.

९,४१२ कुठून आला तेही सांगतो. कर्नल बूट होताना रॅमवरून थ्रेड्स-मॅक्स ठरवतो. एकूण रॅम भागिले थ्रेडच्या कर्नल स्टॅकच्या आठपट, असा साधारण हिशोब असतो. एक्स८६-६४ वर स्टॅक १६ केबीचा, त्यामुळे ८ जीबीला हा आकडा ६५ हजारांच्या थोडा आत येतो. सिस्टमडी त्याचे १५ टक्के टास्क्समॅक्स म्हणून प्रत्येक सर्व्हिसला देतो. ती मर्यादा भरली की नवा टास्क बनवणारा क्लोन कॉल ईअगेन ही एरर परत करतो. एर्नो ११ म्हणजे तोच. मेमरी संपली असती तर ईनोमेम आला असता. टास्क्समॅक्स वाढवून प्रश्न सुटणार नाही, फक्त पुढे ढकलला जाईल.

आता मरत का नाहीत. ते आधीच मेलेले आहेत. एक्झिटच्या वेळी कर्नल प्रोसेसची मेमरी, उघड्या फाइली, सगळं सोडतो. मागे टास्क_स्ट्रक्ट (टास्कची कर्नलमधली नोंद), पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आणि एक्झिट कोड एवढंच उरतं, म्हणजे दर झोम्बीमागे काही किलोबाइट. म्हणूनच तुमची रॅम मोकळी दिसते. सिग्नल मिळाला तर तो चालवायला तिथे कोणी नाही. पॅरेंटने (चाइल्ड सुरू करणाऱ्या प्रोसेसने) वेट, वेटपिड किंवा वेटआयडी यांपैकी काही म्हटलं की कर्नल स्टेटस त्याच्या हाती देतो आणि नोंद पुसतो. रीस्टार्टमध्ये पॅरेंट मेला, सगळे झोम्बी पीआयडी १ कडे, म्हणजे सिस्टमडीकडे, गेले, आणि त्याने तिथल्या तिथे वेट करून त्यांना निकाली काढलं.

संत्रानगरी_देव

दोष त्या डिक्शनरीत आहे. पायथनमध्ये पोपेन ऑब्जेक्ट वेट न करता सोडून दिला तर त्याची नोंद सबप्रोसेस मॉड्यूलच्या एका आतल्या यादीत जाते, आणि पुढचा पोपेन तयार होताना त्या यादीतल्या मेलेल्यांचं वेट उरकलं जातं. तुम्ही ऑब्जेक्ट धरून ठेवलात, त्यावर पोल किंवा वेट कधीच बोलावलं नाही. त्यामुळे ती सफाई तुमच्या वाट्याला आलीच नाही.

उपाय सोपा आहे: डिक्शनरीवर दर काही सेकंदांनी फिरा, प्रत्येक ऑब्जेक्टवर पोल बोलवा, निकाल मिळाला की फक्त रिटर्नकोड ठेवा आणि ऑब्जेक्ट काढून टाका. अजून चांगलं म्हणजे जॉबमागे एक वर्कर थ्रेड ठेवा आणि त्याला टाइमआउटसह वेटवर बसवा.

एक सावधानता. इंटरनेटवर 'सिगचाइल्ड इग्नोर करा, झोम्बी होणारच नाहीत' असा सल्ला सापडेल. सिगचाइल्ड म्हणजे चाइल्ड मेल्यावर पॅरेंटला येणारा सिग्नल. लिनक्सवर ते खरं आहे, त्याला सिग_इग्न ('दुर्लक्ष कर') लावलं की कर्नल चाइल्डला परस्पर पुसतो. पण मग एक्झिट कोडही गेला. वेटपिडला ईचाइल्ड ('असं चाइल्डच नाही' ही एरर) मिळतो, आणि पायथनचं सबप्रोसेस अशा वेळी रिटर्नकोड शून्य धरतं. म्हणजे कन्व्हर्टर कोसळला तरी तुमच्याकडे 'यशस्वी' म्हणून नोंद होणार. बिलाच्या कामात हे फार महागात पडेल. शिवाय सिग_इग्न एक्झेकनंतरही (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवल्यावरही) टिकतं, म्हणजे चाइल्डच्या चाइल्डलाही तेच मिळतं.

वर्धा_रोड

संत्रानगरी यांच्या म्हणण्याला जोड. सी किंवा सी++ मध्ये सिगचाइल्डचा हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लिहिणारे हमखास एक चूक करतात: एका सिग्नलला एकच वेटपिड. सिगचाइल्ड साधा सिग्नल आहे, रांग लावत नाही. हँडलर चालू असताना पाच चाइल्ड मेले तरी पेंडिंग राहतो एकच. म्हणून हँडलरमध्ये वेटपिड(-१, …, डब्ल्यूनोहँग) लूपमध्येच फिरवायचा (डब्ल्यूनोहँग म्हणजे अडून न राहता), शून्य किंवा -१ येईपर्यंत. एर्नो आधी बाजूला ठेवून शेवटी परत घालायचा.

पण -१ चा अर्थ 'माझं कुठलंही मूल'. तुमच्या प्रोसेसमध्ये एखादी लायब्ररीही स्वतःचे चाइल्ड चालवत असेल तर तिच्या चाइल्डचा स्टेटस तुमचा लूप पळवतो आणि ती लायब्ररी ईचाइल्ड घेऊन गोंधळते. जिथे प्रोसेस आपल्या एकट्याच्या ताब्यात नाही तिथे पीआयडी नावानिशी देऊनच वेट करा.

जर्नल_बाकी_आहे

दादा, एक विचारू? इंजिनिअरिंगला आहे, पुढच्या आठवड्यात ओएसचा व्हायवा आहे. फुटाळा दादांनी थ्रेडलाही टास्क म्हटलं. मग थ्रेड हा पॅरेंटचा चाइल्डच झाला ना? लॅबमध्ये पीएसट्री -पी मारलं तर थ्रेडही झाडाच्या फांद्यांवरच दिसतात, फक्त महिरपी कंसात.

फुटाळा_काठ

नाही, आणि व्हायवाला इथेच धरतात. नीट बघून घे.

लिनक्सच्या शेड्यूलरला प्रोसेस आणि थ्रेड असे दोन प्रकार माहीत नाहीत. प्रत्येकाला एक टास्क_स्ट्रक्ट, प्रत्येकाला स्वतःचा क्रमांक. कर्नलच्या आत त्या क्रमांकाचं नाव पिड, आपण बाहेरून त्याला टीआयडी म्हणतो. गेटपिड जे परत देतं ते टीजीआयडी, म्हणजे थ्रेड ग्रुपच्या लीडरचा क्रमांक. एकाच प्रोसेसच्या १६ थ्रेडनी गेटपिड बोलावलं तर १६ वेळा तोच आकडा येतो. गेटटीआयडी बोलावलं तर १६ वेगळे.

नवी प्रोसेस आणि नवा थ्रेड दोन्ही क्लोनमधूनच होतात, फरक फ्लॅगचा. थ्रेड बनवणारं पीथ्रेड_क्रिएट देतं क्लोन_व्हीएम, क्लोन_फाइल्स, क्लोन_एफएस, क्लोन_सिगहँड, क्लोन_थ्रेड आणि आणखी काही. क्लोन_थ्रेड हवा तर क्लोन_सिगहँड लागतो, आणि त्यासाठी क्लोन_व्हीएम. हा क्रम मोडला तर कर्नल ईइनव्हल ही एरर देतो. फोर्कमध्ये (नवी चाइल्ड प्रोसेस बनवणारा कॉल) यातला एकही नसतो, फक्त मरताना सिगचाइल्ड पाठव एवढी सूचना असते.

आता पॅरेंट. टास्क_स्ट्रक्टमध्ये रिअल_पॅरेंट, चिल्ड्रन आणि सिबलिंग असतात. फोर्कने झालेला टास्क पॅरेंटच्या चिल्ड्रन यादीत जातो. क्लोन_थ्रेडने झालेल्याचा रिअल_पॅरेंट मात्र थ्रेड बनवणाऱ्याचा पॅरेंट असतो. म्हणजे नवा थ्रेड हा भाऊ, मूल नव्हे. तो चिल्ड्रन यादीत जातच नाही, थ्रेड ग्रुपच्या यादीत जातो. त्याच्यासाठी वेटपिड चालत नाही, तो मेल्यावर सिगचाइल्ड येत नाही. थ्रेड संपायची वाट बघणारं पीथ्रेड_जॉइन तर वेगळ्याच वाटेने जातं: थ्रेड संपताना कर्नल त्याच्या टीआयडीच्या जागी शून्य लिहितो आणि त्या पत्त्यावर फ्युटेक्सने (कर्नलची थांबा-उठवा सोय) थांबलेल्याला उठवतो. पीएसट्री फांदी काढतं ती केवळ दाखवायची सोय.

लॅबमध्ये स्वतः बघ. पीएस -ईएलएफ (मधला एल मोठा) लाव. पीआयडीचा रकाना टीजीआयडी आहे, एलडब्ल्यूपी म्हणजे टीआयडी, एनएलडब्ल्यूपी म्हणजे थ्रेडची संख्या. एका प्रोसेसच्या सगळ्या थ्रेडच्या ओळींत पीपीआयडी (पॅरेंटचा पीआयडी) सारखाच दिसेल. मग /प्रॉक/पीआयडी/टास्क उघड, प्रत्येक थ्रेडची एक डिरेक्टरी मिळेल आणि तिथल्या स्टेटस फाइलीत टीजीआयडी, पिड, पीपीआयडी तिन्ही ओळी. पूर्वी, २.६ कर्नल आणि एनपीटीएल ही आताची थ्रेड लायब्ररी येण्याआधी, लिनक्सथ्रेड्स या जुन्या लायब्ररीत प्रत्येक थ्रेडचा गेटपिड वेगळा यायचा आणि मध्ये एक मॅनेजर थ्रेड असायचा. जुन्या नोट्समध्ये तसं लिहिलेलं सापडलं तर ते आता लागू नाही.

धरमपेठ_रूट

अनाथ (पॅरेंट मेलेल्या) प्रोसेसबद्दलही पुस्तकात 'इनिट (म्हणजे पीआयडी १) दत्तक घेतो' एवढंच असतं. प्रत्यक्षात कर्नल तीन ठिकाणी शोधतो. मरणाऱ्या टास्कच्याच थ्रेड ग्रुपमध्ये दुसरा जिवंत थ्रेड असेल तर मुलं त्याच्याकडे. नसेल तर पूर्वजांपैकी ज्याने पीआर_सेट_चाइल्ड_सबरीपर लावलंय असा सर्वांत जवळचा, म्हणजे सबरीपर. तोही नसेल तर त्या पीआयडी नेमस्पेसचा (पीआयडींची वेगळी मोजणी) १ क्रमांक. सबरीपर लिनक्स ३.४ पासून आहे, आणि 'सिस्टमडी --यूजर' तो वापरतो. म्हणून डेस्कटॉपवर अनाथ प्रोसेसचा पीपीआयडी १ येईलच असं नाही. 'पीपीआयडी १ झाला का' बघून पॅरेंट मेल्याचं ओळखणारा कोड तिथे फसतो.

आणि यातूनच निघणारी, शोधायला अतिशय त्रासदायक अशी एक गोष्ट. पॅरेंट मेला की चाइल्डलाही सिग्नल मिळावा म्हणून लोक पीआर_सेट_पीडेथसिग लावतात. त्यात 'पॅरेंट' म्हणजे प्रोसेस नव्हे, ज्या थ्रेडने फोर्क केलं तो थ्रेड. समजा वेब सर्व्हरमध्ये थ्रेड पूल आहे आणि रिकामे थ्रेड ६० सेकंदांनी बंद होतात. त्यातल्या एखाद्या थ्रेडने कन्व्हर्टर सुरू केला आणि तो थ्रेड गेला, तर कन्व्हर्टरला सिगकिल बसतो. पॅरेंट प्रोसेस धडधाकट, लॉग स्वच्छ, आणि चाइल्ड मधेच मेलेला. पीडेथसिग वापरायचंच तर फोर्क करणारा थ्रेड शेवटपर्यंत जगेल असा वेगळा ठेवा. चाइल्डमध्ये पीआरसीटीएल लावल्यावर गेटपीपिड परत तपासा, कारण त्याआधीच पॅरेंट मेला असेल तर सिग्नल कधीच येणार नाही.

मिहान_ऑप्स

झिरो_माईल, पुढेमागे ही सर्व्हिस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) टाकाल तर हाच प्रश्न दुसऱ्या दाराने येईल. कंटेनरमध्ये तुमची पायथन प्रोसेसच पीआयडी १ होते. नातवंडं (चाइल्डचे चाइल्ड) अनाथ झाली की तिच्याकडे येतात, आणि तिला त्यांचं वेट करायचं ठाऊक नसतं. डॉकर रनला --इनिट द्या, म्हणजे टिनी हा छोटा इनिट १ क्रमांकावर बसतो, झोम्बी उचलतो आणि सिग्नल पुढे पाठवतो. कुबरनेटीसमध्ये पॉडला (कंटेनरच्या गटाला) शेअरप्रोसेसनेमस्पेस लावलं तर पॉझ कंटेनर १ होतो आणि हे काम करतो.

दुसरं: पीआयडी १ ने सिगटर्मचा ('बंद हो' हा सिग्नल) हँडलर लावलेला नसेल तर कर्नल तो सिग्नल त्याला देतच नाही. इतर प्रोसेस सिगटर्मने मरते, १ मरत नाही. डॉकर स्टॉप १० सेकंद वाट बघतो, मग सिगकिल, आणि एक्झिट कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९. दर स्टॉपला बरोबर दहा सेकंद लागत असतील तर कारण बहुधा हेच. बॅश १ वर असेल तर झोम्बी उचलतो, पण सिगटर्म पुढे देत नाही. त्यामुळे एंट्रीपॉइंट स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळीत एक्झेक लिहायचंच.

संत्रानगरी_देव

नातवंडांचा विषय निघालाच आहे तर: तुमचा कन्व्हर्टर शेल स्क्रिप्टमधून चालतो का? तसं असेल तर टाइमआउटला प्रोसेस.किल फक्त शेलला मारतं, खरा कन्व्हर्टर अनाथ होऊन चालूच राहतो. पोपेनला स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू द्या आणि टाइमआउटला ओएस.किलपीजी वापरा. प्रोसेस ग्रुपमधले सगळे जातील.

धरमपेठ_रूट

ज्याने स्वतः सेटसिड केलं (नवं सेशन काढलं) तो ग्रुपमधून निसटतो. डबल फोर्क केलं (चाइल्ड परत फोर्क करून स्वतः संपला) की पॅरेंटची कडीही तुटते. पॅरेंट-चाइल्ड नातं एक्झिट स्टेटस कुणाला द्यायचा यासाठी आहे, ताबा ठेवण्यासाठी ते बांधलेलं नाही. ताब्यासाठी सीग्रुप. त्यातून प्रोसेसला फोर्क करून बाहेर पडता येत नाही, आणि रूट किंवा दिलेली परवानगी नसेल तर स्वतःला हलवताही येत नाही. सिस्टमडीचा किलमोड (सर्व्हिस थांबवताना कुणाला मारायचं ते) डीफॉल्टने कंट्रोल-ग्रुप असतो तो याचसाठी. कर्नल ५.१४ पासून सीग्रुप.किल फाइल आहे, तिच्यात १ लिहिलं की त्या सीग्रुपखालचं सगळं एका फटक्यात सिगकिल होतं, मध्येच कुणी फोर्क केलं तरी सुटत नाही. उबंटू २२.०४ चा कर्नल ५.१५, म्हणजे तुमच्याकडे आहे.

वर्धा_रोड

पीआयडी फाइलीत लिहून ठेवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. पीआयडी बँकेतल्या टोकनसारखा आहे, काम संपलं की तोच आकडा दुसऱ्याला मिळतो. पिड_मॅक्सचा जुना डीफॉल्ट ३२,७६८. ६४-बिटवर तो ४१,९४,३०४ पर्यंत नेता येतो, आणि सिस्टमडी २४३ पासून तेवढाच लावतो. आकडे संपले की कर्नल ३०० पासून परत सुरू करतो. म्हणजे फाइलीतल्या पीआयडीला किल मारताना तिथे भलतीच प्रोसेस असू शकते. आणि थ्रेडही याच आकड्यांतून खातात, हे विसरू नका.

झोम्बी असेपर्यंत मात्र त्याचा आकडा कुणाला मिळत नाही. म्हणून वेट न केलेल्या स्वतःच्या चाइल्डला किल मारणं सुरक्षित असतं. परक्या प्रोसेससाठी पीआयडीएफडी (ठराविक प्रोसेसला बांधलेला फाइल डिस्क्रिप्टर) वापरा: पीआयडीएफडी_ओपन ५.३ पासून आहे, सिग्नल पाठवायचा कॉल ५.१ पासून, वेटआयडीला पीआयडीएफडी देता येतो ५.४ पासून. तो ईपोलमध्येही (अनेक डिस्क्रिप्टरवर एकत्र लक्ष ठेवणारी सोय) बसतो, प्रोसेस संपली की वाचण्याजोगा होतो. सिगचाइल्डच्या हँडलरची गरजच उरत नाही. पायथन ३.९ मध्ये ओएस.पीआयडीएफडी_ओपन थेट मिळतं.

रामदासपेठ_विन

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात, कारण इथे दोन्हीकडे काम करणारे बरेच आहेत. विंडोजमध्ये पॅरेंट हा नुसता नोंदवलेला आकडा आहे. पॅरेंट मेला की दत्तक वगैरे काही नाही, आकडा तसाच राहतो आणि पुढे दुसऱ्याच प्रोसेसला मिळू शकतो. त्यामुळे तिथे पीपीआयडीवरून झाड काढताना प्रोसेस सुरू झाल्याची वेळही ताडून बघावी लागते. ताब्यासाठी जॉब ऑब्जेक्ट (प्रोसेसचा गट), विंडोज २००० पासून. त्याला किल-ऑन-जॉब-क्लोज लावलं की शेवटचं हँडल (ऑब्जेक्टचा उघडलेला संदर्भ) मिटताच आतलं सगळं मरतं. विंडोज ८ पासून जॉबच्या आत जॉब ठेवता येतो.

झोम्बीच्या जवळचं तिथे म्हणजे हँडल गळती. कुणीतरी हँडल धरून ठेवलं तर मेलेल्या प्रोसेसचा ऑब्जेक्ट मेमरीत राहतो. एक्झिट कोड २५९ कधी वापरू नका जी, तो 'अजून चालू आहे' याचाच आकडा आहे.

झिरो_माईल

धन्यवाद सगळ्यांना. सीग्रुप.थ्रेड्स मोजलं, ४९६ च निघाले. डिक्शनरीत आता फक्त रिटर्नकोड ठेवतो, वेटसाठी वर्कर थ्रेड, स्टार्ट_न्यू_सेशनही लावलं. पिड्स.करंट दिवसभर पाचशेच्या आसपासच राहतोय. एक शंका उरली: ३१ प्रोसेसना प्रत्येकी १६ थ्रेड कशाला? कोडमध्ये कुठेही १६ नाही. आणि थ्रेड असताना फोर्क करणं सुरक्षित आहे का?

संत्रानगरी_देव

१६ बहुधा एखाद्या लायब्ररीचे. अंकगणिताच्या बऱ्याच लायब्रऱ्या सीपीयूच्या कोअरइतके थ्रेड सुरुवातीलाच बनवतात. ओएमपी_नम_थ्रेड्स=१ देऊन बघा, आकडा लगेच खाली येईल.

फोर्कबद्दल: फोर्कनंतर चाइल्डमध्ये फक्त फोर्क बोलावणारा थ्रेड असतो. बाकीचे १५ गायब, पण त्यांनी धरलेली कुलुपं (लॉक) मेमरीत तशीच बंद. त्यातलं एखादं लॉगरचं असेल आणि चाइल्डने लॉग लिहायला घेतलं तर तो कायमचा अडकतो. फोर्क आणि एक्झेक यांच्यामध्ये फक्त असिंक-सिग्नल-सेफ (सिग्नल हँडलरमध्येही सुरक्षित) फंक्शनं चालतात. सबप्रोसेस हे सांभाळतं, पण प्रीएक्झेक_एफएनमध्ये (एक्झेकच्या आधी चाइल्डमध्ये चालणारं फंक्शन) स्वतःचं पायथन चालवलं तर धोका परत आलाच. मल्टीप्रोसेसिंग वापरत असाल तर स्टार्ट मेथड फोर्कसर्व्हर किंवा स्पॉन ठेवा. पायथन ३.१२ थ्रेड असताना फोर्क केलं तर इशारा देतं, आणि ३.१४ मध्ये लिनक्सवरचा डीफॉल्टच फोर्कसर्व्हर केला आहे.

जर्नल_बाकी_आहे

दादा, शेवटचं. मेन थ्रेडमध्ये पीथ्रेड_एक्झिट बोलावलं, बाकीचे थ्रेड चालू ठेवले. पीएसमध्ये 'झेडएल' आणि डिफंक्ट दिसतंय, पण सीपीयू खातोय. झोम्बी सीपीयू कसा खाईल?

फुटाळा_काठ

तू बघतोयस तो फक्त लीडर. लीडर संपला तरी त्याचा क्रमांक हाच सगळ्या ग्रुपचा टीजीआयडी, म्हणून ग्रुप जिवंत असेपर्यंत कर्नल त्याला पुसू शकत नाही. पीएस ओळ लीडरची दाखवतं, म्हणून झेड. पुढचा छोटा एल म्हणजे मल्टीथ्रेडेड. पॅरेंटने वेटपिड बोलावलं तरी शेवटचा थ्रेड मरेपर्यंत तो परत येणार नाही, आणि या झोम्बीला किल -९ मारलंस तर मात्र चालेल, कारण सिग्नल सगळ्या ग्रुपला जातो. पीएसला -एल (मोठा एल) देऊन बघ, खालच्या ओळींत जिवंत थ्रेड दिसतील.

त्याच प्रोग्रॅममध्ये आता मेनऐवजी दुसऱ्या थ्रेडमधून एक्झेक बोलावून बघ. बाकी सगळे थ्रेड मरतील, आणि एक्झेक करणारा थ्रेड लीडरचा क्रमांक घेईल. गेटटीआयडी आधी आणि नंतर छापून ठेव, जर्नलमध्ये तो आउटपुट चिकटव.